जिनिंगच्या शेडमधला मेट्रोचा डबा

काय काम करता असं कुणी विचारलं की मी ‘दारं’ म्हणून सांगतो. पाहुण्यांना वाटतं सुतारकाम असेल. मग खुलासा करावा लागतो की सागवानी नव्हेत, मेट्रोच्या डब्याची दारं. दोन झडपा दोन्हीकडून सरकत येतात आणि मधोमध भेटतात, ती. पंचवीस वर्षं मी हेच केलं. आमच्या तांड्यातला पहिला पदवीधर मी. ज्या घरातून मी कॉलेजला गेलो त्या घराला कवाड नव्हतं, चौकटीला बारदान टांगलेलं होतं. हे मी लाजून लिहीत नाही. दोन मुलाखतींत मी ते आपणहून सांगितलंय, आणि एक नोकरी त्याच्यामुळेच मिळाली असा माझा समज आहे.

यशाची गोष्ट हवी असेल तर ती दुसऱ्या कुणी लिहावी. मला लिहायचंय एका स्क्रूबद्दल. तो मी दोन आटे फिरवला होता आणि वहीत लिहिलं नव्हतं.

हिंगोली तेव्हा परभणीतून सुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी पाट्यांचा रंग ओला होता म्हटलं तरी चालेल. नांदेडला शिकून मी घरी बसलो होतो, आणि गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाने मला बोलावून घेतलं. मालक पुण्याला राहून आलेले, स्वतः इंजिनियर, डोक्यात सतत काहीतरी नवीन. वडिलांच्या जिनिंगच्या दोन शेडपैकी एक त्यांनी मोकळी केली होती. मी आत शिरलो तर सुतार फळ्या रंधून राहिले होते आणि मधोमध लोखंडी अँगलचा एक लांबलचक सांगाडा उभा होता.

“हे काय आहे, ओळखा,” मालक म्हणाले.

“गोदाम?”

“मेट्रोचा डबा.”

मी मेट्रो पाहिलेली नव्हती. मालक सोडले तर त्या शेडमधल्या कुणीच पाहिलेली नव्हती. दिल्लीत तेव्हा खोदकाम चालू होतं, आणि देशात पुढे आणखी शहरांत मेट्रो येणार, त्यांना डबे लागणार, डब्यांना दारं लागणार, असा मालकांचा हिशेब होता. पण दार नुसतं टेबलावर ठेवून दाखवता येत नाही. त्यासाठी नमुना डबा लागतो.

नमुना डबा म्हणजे खऱ्या मापाचा, पण प्लायवूडचा आणि लोखंडाचा, बिनचाकाचा डबा. त्यात बाकडी असतात, धरायचे दांडे असतात, कड्या असतात, आणि ज्याची परीक्षा घ्यायची ती गोष्ट तेवढी खरी असते. आमची दारं खरी होती, हवेच्या दाबावर चालणारी. डब्याला लागून सुतारांनी लाकडी फलाटही केला होता. माणसं आणायची, चढवायची, उतरवायची, कोण कुठे अडतं ते लिहायचं, आणि मग फळ्या उचकटून पुन्हा नव्याने मांडायचं. जगभर असंच करतात. फार तर त्यांची शेड बरी असते.

मालकांकडे परदेशी मासिकं येत. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हाला प्रयोगाच्या डब्यांच्या गोष्टी सांगत. अमेरिकेत एकदा चकचकीत पोलादाची अख्खी गाडी बनवली होती. तिच्यात हवेतले जंतू मारणारे दिवे बसवले. सगळ्यांनी वाहवा केली, आणि तसली दुसरी गाडी कधी निघाली नाही. फ्रान्समध्ये आवाज नको म्हणून डब्यांना रबरी टायर लावून पाहिले, ते मात्र टिकले. जपानात एकेका बाजूला सहा-सहा दारांचे डबे केले आणि गर्दीच्या वेळी बाकडी भिंतीला मिटवून ठेवली, सगळ्यांनी उभंच राहायचं. हे ऐकून आमचे काशिनाथ सुतार म्हणाले होते, “मंग त्याच्यापरीस मेंढरं भरायचा ट्रक काय वाईट हाय?”

काशिनाथ आखाडा बाळापूरचे. तीन पिढ्या बैलगाड्या घडवणारं घर. हात असा की प्लायच्या दोन तुकड्यांमधली सांध शोधावी लागे. पण शेवटपर्यंत त्यांनी त्या डब्याला गाडी म्हटलं नाही. “राठोड साहेब, जिला चाक न्हाई ती गाडी कशी म्हनावं? ही खोली हाय. लांब खोली.”

माणसं आम्ही बाजाराच्या दिवशी गोळा करायचो. सकाळी आमच्या तांड्यावरून एक ट्रॅक्टर, बाकीचे बाजाराला आलेले. चहा आणि भजी दोन्ही वेळा. आजवर मी बऱ्याच ठिकाणी अशा चाचण्या घेतल्या, पण हिंगोलीसारखे प्रवासी मला पुन्हा मिळाले नाहीत. पुस्तकात लिहिलेलं असतं, माणूस आत गेल्यावर मोकळी जागा बघून पुढे सरकतो. आमची माणसं दारातच थांबत. मी ओरडायचो, “आत सरका, दारात काहून उभं राहून राहिले?” तर उत्तर यायचं, “उतरायचं हाय ना.” बाया बाकड्यावर बसतच नसत, खाली फतकल मारत आणि गाठोडं दांड्याला टेकवत. नरसीचे एक आजोबा चाचणी संपली तरी उतरेनात. म्हटलं, बाबा, ही गाडी जात नाही. ते म्हणाले, “निघंल तवा निघंल. यष्टी बी अशीच उभी ऱ्हाती.”

आम्ही हसायचो, पण मालक हे सगळं लिहून घ्यायचे. दाराजवळचा दांडा त्यांनी दोनदा हलवला तो आमच्याच माणसांमुळे.

आता दाराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

दाराच्या वर, छताला लागून एक पेटी असते. तिच्यात एक छोटा स्विच. दोन्ही झडपा मधोमध पूर्ण भेटल्या की हा स्विच दाबला जातो आणि चालकापुढचा दिवा लाल असतो तो हिरवा होतो. हिरव्याचा अर्थ, सगळी दारं बंद आहेत, गाडी हलवायला हरकत नाही. चालक मागे वळून बघत नसतो. त्याने त्या दिव्यावर विश्वास ठेवायचा असतो. आमच्या डब्यात चालकाच्या जागी मालक स्वतः बसत. दिवा हिरवा झाला की ते घंटा वाजवत. घंटा वाजली म्हणजे गाडी सुटली असं धरायचं आणि वेळ लिहायची.

आणि शेजारच्या शेडमध्ये जिनिंग चालू होतं. कापसाचे दिवस. मधली भिंत वर उघडी, तिथून रुईचे तंतू दिवसभर उडत यायचे. केसांत, चहात, कागदावर. ते दाराच्या खालच्या खाचेत बसत आणि तिथे त्यांचा गच्च बोळा व्हायचा. मग झडपा भेटायच्या थोड्या अलीकडेच अडत. अर्ध्या बोटाची फट राही. दिवा लाल. मी खाली बसून ब्रशने खाच साफ करायचो, पाच-सहा वेळा दार बरोबर चालायचं, पुन्हा लाल. दिवसातून कितीदा, मोजलं नाही. मालक तिकडून ओरडत, “राठोड, परत?”

एका दुपारी मी शिडी लावली, पेटी उघडली आणि स्विचचा स्क्रू दोन आटे फिरवला. त्याने काय झालं, तर झडपा पूर्ण भेटायच्या आधीच स्विच दाबला जाऊ लागला. अर्ध्या बोटाची फट असली तरी दिवा हिरवा. खाली खिडकीची चौकट बसवत काशिनाथ उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा चौकटीला लागले.

पेटीत हात घातला की वहीत लिहायचं, असा नियम होता. तारीख, काय केलं, कशासाठी, सही. मी म्हटलं, चाचण्या होऊ दे, मग खाच नीट करू, स्क्रू जागेवर आणू. लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवा शहाण्यासारखा हिरवा होऊ लागला. मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली.

पुढच्या बाजाराला तांड्यावरून जो ट्रॅक्टर आला त्यात माझी आई होती. आम्ही आईला याडी म्हणतो. तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. काचळी, घेरदार घागरा आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी, असा तिचा जुना वेष तिने सोडला नव्हता. त्या ओढणीच्या काठाला आरसे, कवड्या आणि जुनी नाणी टाचलेली. चालली की वाजायची. लहानपणी मी त्या आवाजावरून ती किती लांब आहे ते ओळखायचो. पोरगा कुठे काम करतो ते बघायचं म्हणून ती आली होती. सगळ्या डब्यातून तिने फेरी मारली, बाकडं दाबून पाहिलं आणि सोबतच्या बायांना सांगितलं, “हे सगळं ह्यानं केलं.” काशिनाथ शेजारीच होते. ते म्हणाले, “व्हय माय, आमी तर नुसते भजे खायला हावोत.”

आमच्या घरात गोरमाटी बोली. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय.

चौथी फेरी. उतरायची. बाया उतरल्या, याडी शेवटी. फलाटावर पाय ठेवून ती मैत्रिणीला काहीतरी सांगायला वळली, आणि मागे दार लागलं. ओढणीचं टोक आत राहिलं. ती ओढायला लागली तर काठाची दुमडलेली नाणी दोन झडपांच्या रबरांमध्ये अडून बसली. जितकं ओढावं तितकी घट्ट. सगळे हसायला लागले. तीही हसली. “अरे लेकरा, तुझं दार मला सोडंना की!”

मीही हसणारच होतो. तेवढ्यात घंटा वाजली.

मी डब्याच्या टोकाकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. मालकांनी हिरवा बघितला आणि नेमाप्रमाणे घंटा वाजवली. म्हणजे गाडी सुटली. माझी आई फलाटावर उभी, ओढणीने डोक्यापासून डब्याला बांधलेली, आणि गाडी सुटली.

तिथे चाकं नव्हती म्हणून काही झालं नाही. एवढंच कारण. बाकी सगळं खरं होतं. दार खरं, स्विच खरा, दिवा खरा. मी बटण दाबून दार उघडलं. ओढणीचा एक आरसा फुटला होता. “फुटू दे,” ती म्हणाली. “टाचीन दुसरा.”

भूक नाही म्हटलं आणि दुपारचा डबा तसाच काशिनाथांना दिला. लाकडी फळीने घ्यायची एक चाचणी असते. दोन बोटं जाड फळी दारात धरायची, दार तिला लागून परत उघडलं पाहिजे. ती आमचं दार दरवेळी पास होई. पण ओढणी फळीपेक्षा पातळ. आणि मी दिलेली फट ओढणीपेक्षा मोठी. नाण्यांची ती घडी मी मोजून पाहिली. स्क्रू मूळ जागी असता तर झडपा तेवढ्यानेही भेटल्या नसत्या. दिवा लाल राहिला असता. घंटा वाजली नसती.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. स्क्रूसकट सगळं. ते बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. शुक्रवारी मोठ्या कंपनीचे साहेब येणार होते, आमचा डबा आणि दारं पसंत करायला. पसंत पडली तर शेडमध्ये अठरा माणसांना वर्षानुवर्षांचं काम. त्यांत पाच आमच्या तांड्याचे.

“मी सांगितलं होतं फिरवायला?” मालक म्हणाले.

“नाही.”

“आता परत फिरवला तर शुक्रवारी त्यांच्यासमोर लाल दिवा लागणार. दहा वेळा. बरोबर?”

“बरोबर.”

“मग शुक्रवार जाऊ द्या. ऑर्डर आली की खाच बदलू, स्विच बदलू, सगळं रीतसर करू. आणि राठोड, शहरातल्या मेट्रोत नाण्यांची ओढणी घेऊन कोण बसणार आहे?”

मला बोलता आलं असतं. साडीचा पदर आहे, पोरींच्या ओढण्या आहेत, म्हाताऱ्यांची धोतरं आहेत, असं सांगता आलं असतं. मी ‘ठीक आहे’ म्हणालो. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना माझ्याकडून हेच ऐकायचं होतं आणि मला त्यांच्याकडून तेच ऐकायचं होतं.

ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. एसटीचं दार लागलं की मी वळून त्याची फट बघायचो. जेवायला बसलो की याडीच्या ओढणीकडे लक्ष जायचं. तिने फुटक्या आरशाच्या जागी दुसरा टाचला होता. आपण काय करतोय ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि आणखी दोन दिवस, आणखी एक दिवस, असं करत मी ते ढकलत होतो. काशिनाथ एकदा रंधा थांबवून म्हणाले, “साहेब, खीळ ढिली आसली तर आमी बैल जुपत न्हाई.” मी म्हटलं, तुमचं काम बघा. असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

आणि गुरुवारी मी त्याहून वाईट काम केलं. तांड्यावर जाऊन सगळ्या बायांना जमवलं आणि सांगितलं, “उद्या दारातून येता-जाता ओढणी हातात गच्च धरायची. मोकळी सोडायची नाही. कुणीच.”

शुक्रवारी साहेब आले. साठीचे, सडपातळ, दक्षिणेकडचे. हिंदी मोडकंतोडकं, इंग्रजी चांगलं. खिशात मोजमापाची कात्रीसारखी पट्टी, जिला आम्ही कॅलिपर म्हणतो. हसणं नाही, रागावणं नाही. लाकडी फळी त्यांनी स्वतः हातात घेतली आणि प्रत्येक दारात वर, मध्ये, खाली लावून पाहिली. दार उघडलं, दार लागलं, दिवा हिरवा, घंटा. मालकांचा चेहरा खुलत चालला होता. मग माणसांच्या फेऱ्या. पहिली, दुसरी, तिसरी. ट्रॅक्टरभर बाया चढल्या, उतरल्या, चढल्या. काही अडलं नाही. साहेबांच्या कागदावर खुणांमागून खुणा पडत होत्या.

चौथ्या फेरीला त्यांनी हात वर केला.

“या सगळ्या बायका दाराशी आल्या की कापड मुठीत का धरतात?” त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. “आत गेल्या की सोडतात. बाहेर येताना परत धरतात. प्रत्येक जण.”

मी म्हणालो, सवय असेल.

त्यांनी मान हलवली आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं. “यांना विचारा.”

ती याडी होती.

मी तिला आमच्या बोलीत विचारलं. तिचा चेहरा उजळला. इतका मोठा साहेब आपल्याला काहीतरी विचारतोय, आणि तेही आपल्या लेकरामार्फत. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या लेकरानं सांगितलंय. मागल्या बाजाराला माझी ओढणी दारात गुतली आन् तरी घंटा वाजली. म्हणून त्यानं सगळ्यांला सांगितलं, दारात ओढणी धरून राहा. इंजिनियर हाय त्यो. त्याला सगळं समजतं.”

साहेब माझ्याकडे बघत होते. मालक डब्याच्या दुसऱ्या टोकाला, घंटेपाशी. त्यांना आमची बोली येत नव्हती, साहेबांना येत नव्हती. ती काय बोलली हे सांगणारा तिथे मी एकटा होतो. ‘म्हणते, लाज वाटते, नवीन जागा आहे’ एवढं म्हटलं असतं तर कागदावर पुढची खूण पडली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी इथे कबूल करतो. इंग्रजीत तयार होतं, व्याकरणासकट.

याडी माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेबाच्या भाषेत आपलं बोलणं कसं ऐकू येतं याची वाट बघत.

मी तिचं बोलणं सांगितलं. जसं होतं तसं, ‘त्याला सगळं समजतं’ इथपर्यंत. मग म्हणालो, “मुलगा म्हणजे मी. स्विचचा स्क्रू मी फिरवलाय. दोन आटे. वहीत नाही.”

साहेबांनी शिडी मागितली.

स्क्रू त्यांच्यासमोर मी जागेवर आणला. मग चाचणी पुन्हा. लाल. खाच झाडली, हिरवा, हिरवा, लाल. वरून रुई पडतच होती. घंटेपाशी मालक हात मांडीवर ठेवून बसून राहिले. साहेब लिहीत होते. जाण्याआधी ते याडीकडे गेले, हात जोडले आणि ओढणीच्या काठाकडे बोट करून परवानगी मागितली. तिने काठ पुढे केला. त्यांनी नाण्याच्या जागची जाडी कॅलिपरने मोजली, नुसत्या कापडाची मोजली, दुहेरी घडीची मोजली, आणि वहीत लिहून घेतली.

ट्रॅक्टरवर चढताना याडीने विचारलं, “मी काई चुकीचं बोलले का रे?”

“न्हाई. बराबर बोललीस.”

“साहेबानं माझी ओढणी वहीत लिहून घेतली,” तिने बाकीच्या बायांना सांगितलं. तांड्यावर ती हे अनेक वर्षं सांगत होती.

ऑर्डर आली नाही. मालक मला कधी टाकून बोलले नाहीत. मला जायला त्यांनी सांगितलंही नाही. काही महिने आम्ही इकडचंतिकडचं काम करत राहिलो, मग शेडमध्ये पुन्हा कापसाच्या गाठी आल्या. डबा उचकटला गेला. माझ्या माहितीतल्या बहुतेक प्रयोगाच्या डब्यांचं हेच झालं, शेड कुठल्याही देशातली असो. अठरा माणसं आपापल्या वाटेने गेली. आमच्या तांड्यावरचे पाच जण उसाच्या टोळीला गेले. त्यांच्या बायका पुढे कितीतरी दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. स्क्रूचं याडीला त्यांच्याकडूनच कळलं.

काशिनाथ वर्षभराने बाळापूरच्या बाजारात भेटले. आमच्या प्लायचं त्यांनी घराच्या माळवदाला आतून छत करून घेतलं होतं. मी म्हटलं, काका, माझ्यामुळे झालं सगळं.

“साहेबापुढं खरं बोललात ते बराबर केलं,” ते म्हणाले. “त्याची तकलीफ न्हाई. पण ज्या दिवशी शिडीवर चढलात त्या दिवशी खाली उतरून सांगितलं आसतं ना, तर भिंतीच्या वर ताडपत्री बांधली आसती आमी. दोन तासांचं काम. रुई आली नसती, लाल लागला नसता. मी खालीच उभा व्हतो की.”

लोकांना वाटतं, मी खरं बोललो म्हणून नुकसान झालं. तसं नाही. मी इतके दिवस गप्प बसलो म्हणून झालं. ताडपत्री शेडच्या कोपऱ्यातच पडलेली होती.

पुढे मी दुसऱ्या कंपन्यांत गेलो. दारंच करत राहिलो. फळीच्या चाचणीनंतर मी खिशातून कापडाची एक पट्टी काढून दारात धरायचो, काठाला दोन नाणी टाचलेली. याडीनेच दिली होती जुन्या ओढणीतून फाडून. सुरुवातीला लोक हसायचे. नंतर दोन ठिकाणी ती चाचणी रीतसर कागदावर आली. माझं नाव तिथे नाही, आणि असायची गरजही नाही. वहीत मात्र मी सगळं लिहितो. पेटीचं झाकण नुसतं पुसलं तरी लिहितो. हाताखालची पोरं वैतागतात.

दिल्लीला बदली झाल्यावर एकदा याडीला घेऊन गेलो. मेट्रो सुरू होऊन काही वर्षं झाली होती. सरकत्या जिन्याला ती घाबरली नाही. जमिनीखालच्या फलाटावर उभी राहून तिने वारा अंगावर घेतला आणि “थंड हाय” एवढंच म्हणाली. गाडी आली. चाकं असलेली, खरी. दार उघडलं तशी तिने ओढणी गोळा करून मुठीत गच्च धरली आणि आत पाऊल टाकलं. मी मागे. दार लागलं. मी दाराच्या वर, पेटीकडे बघत होतो. मला तिथेच बघायची सवय.

ती बाकड्यावर बसली, पण मूठ सोडेना. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेवटी मला जवळ बोलावून तिने हळूच विचारलं, “हे दार तुझ्या हातचं हाय का रे?”

“न्हाई याडी. दुसऱ्यांचं हाय.”

तिने एकदा दाराकडे नीट पाहिलं, आणि मूठ सोडली.